वतनाची जमीन गेली, तिचा हिशेब कोण मांडणार?

बोरीवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून मागाठाणे, काजूपाडा, देवीपाडा, दत्तपाडा या बाजूला गेले की आमच्या समाजाची घरे भेटतात. कोणी रत्नागिरीचा, कोणी साताऱ्याचा, कोणी नगरचा, कोणी जालना-बीडकडचा. यांपैकी कोणालाही गाव विचारा, तालुका-जिल्ह्यासकट उत्तर मिळते. त्यापुढे ‘गावाला जमीन किती?’ असे विचारा. बहुतेक घरांतून एकच शब्द ऐकू येतो, ‘होती.’ किती होती, कोणत्या गटात होती, कोणाच्या नावावर गेली, हे सांगणारा माणूस घरात उरलेला नसतो. आजोबांना ठाऊक होते. वडिलांनी अर्धेमुर्धे ऐकले होते. मुलाला तर ‘वतन’ हा शब्द सिनेमाच्या गाण्यातूनच माहीत असतो!

या ‘होती’चा हिशेब आंबेडकरी चळवळीने अजून नीट मांडलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आरक्षणावर आम्ही बोलतो, अत्याचारावर बोलतो, गटबाजीवर तर रोजच बोलतो. जमिनीचा प्रश्न मात्र 14 एप्रिलच्या भाषणात एक वाक्य टाकण्यापुरता उरला आहे. जमीन एका पिढीची जाते, पण तिची किंमत चार पिढ्या भरतात. ती किंमत खोलीच्या डिपॉझिटमध्ये भरावी लागते, मुलीच्या कॉलेजच्या फीमध्ये भरावी लागते, सावकाराच्या व्याजात भरावी लागते. पण ती जमिनीची किंमत आहे, हे भरणाऱ्यालाच ठाऊक नसते.

आधी वतन म्हणजे काय ते तरुण वाचकांसाठी सांगणे भाग आहे. महाराने गावाची आणि सरकारची पडेल ती चाकरी करायची. साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवायची, चावडीवर पहारा द्यायचा, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची, मयताचा सांगावा घेऊन कोसभर पळायचे, मेलेले ढोर ओढायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे. दिवस-रात्र नाही, ऊन-पाऊस नाही. एका माणसाच्या नावे चाकरी असली तरी सारे घर राबायचे. मोबदला काय, तर बलुत्याची मूठभर धान्याची भीक आणि हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन. तीही एका घराची नव्हे, अख्ख्या महारवाड्याची मिळून. इंग्रज सरकारने 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही व्यवस्था कागदावर पक्की केली. चाकरी वंशपरंपरागत झाली, म्हणजे गुलामीही वंशपरंपरागत झाली.

बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्या विधेयकाचा गाभा आम्ही विसरलो आहोत, म्हणून तो पुन्हा सांगतो. ज्याला वतनाच्या चाकरीतून सुटायचे आहे त्याला सुटता यावे, आणि सुटल्यावर त्याची जमीन त्याच्याकडेच राहावी. इतर रयतेप्रमाणे त्याने पूर्ण सारा भरावा आणि मान ताठ ठेवून ती कसावी. बलुत्याच्या जागी रोख मोबदला यावा. म्हणजे बाबासाहेबांनी गुलामी सोडा म्हटले, जमीन सोडा म्हटले नाही. ते विधेयक मंजूर होऊ शकले नाही. पुढे सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढवली, तेव्हा 1939 साली हरेगावला आणि 1941 साली सिन्नरला वतनदारांच्या परिषदा घेऊन बाबासाहेबच उभे राहिले. ज्या जमिनीला ते गुलामीचा साखळदंड म्हणत, तिच्यावरचा वाढीव कर रद्द व्हावा म्हणून ते भांडत होते. यात विसंगती कोणाला वाटत असेल तर त्याने ते विधेयक पुन्हा वाचावे. साखळदंड चाकरीचा होता, मातीचा नव्हता.

आमच्या लोकांनी मात्र अनेक ठिकाणी दोन्ही एकदमच टाकून दिले. ‘ती हाडकी नको, तिला ढोराचा वास येतो’ असे म्हणणारा स्वाभिमानी तरुण आम्हाला वंदनीयच आहे. पण त्याने टाकलेली जमीन रिकामी राहिली नाही. शेजारच्या बांधवाल्याने ती नांगरली. त्याला वास आला नाही!

मग आला 1958 चा कायदा. मुंबई कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा हा कायदा 1 फेब्रुवारी 1959 पासून अमलात आला. (तो जुन्या मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांपुरता. मराठवाड्यात निजामी मुलखाचे इनामाचे कायदे वेगळे, विदर्भाचे वेगळे. तिकडच्या वाचकांनी आपापले तपासावे.) या कायद्याने वतन गेले, चाकरी गेली, त्याचे स्वागतच. पण जमिनीचे काय झाले? कायद्याने ती आधी सरकारची झाली. मग वतनदाराने साऱ्याच्या तिप्पट रक्कम कब्जेहक्काची किंमत म्हणून मुदतीत भरली, तर ती त्याला पुन्हा मिळणार. भरली नाही तर तो आपल्याच बापजाद्यांच्या जमिनीवर बेकायदा बसलेला माणूस ठरणार आणि त्याला तिथून काढता येणार.

आता ती तिप्पट रक्कम काही फार मोठी नव्हती, असे सांगणारे लोक आहेत. कागदावर नव्हतीच. पण 1959 साली महारवाड्यात रोख पैसा कोणाकडे होता? वाचता येणारे किती होते? नोटीस चावडीवर लागली तर चावडीवर जाऊन ती वाचायची कोणी? तोवर 1956 चे धर्मांतर झालेले, त्याचा राग गावाच्या डोक्यात. तलाठी, पाटील, सोसायटीचा चेअरमन सारे एकाच आळीचे. मुंबईला गिरणीत किंवा गोदीत कामाला गेलेल्या भावाला तर कायदा आला हेच ठाऊक नव्हते. अशा वेळी तिप्पट साऱ्याचे चलन कोणी भरले आणि ते भरताना सामायिक जमिनीवर कोणाचे नाव लागले, हा शोध घेतला तर गावोगावी आज बंगले बांधून बसलेल्यांची झोप उडेल.

दुसरा घाव असा बसला की त्याचा आवाजच झाला नाही. महाराकडे जमीन असली तरी बैल कुठे होते? बैल नाहीत, बियाणे नाही, आणि चाकरीमुळे नांगरणीच्या दिवसांत हात मोकळे नाहीत. म्हणून कितीतरी वतनदारांनी आपले तुकडे गावातल्या बैलजोडीवाल्याला खंडाने किंवा बटाईने दिलेले असत. इकडे 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने ‘कसेल त्याची जमीन’ असे ठरले. घोषणा आमच्याच मनातली. 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनीच आणले होते आणि 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलावर त्यांनीच नेला होता. पण 1958 च्या कायद्याने वतनी जमिनीच्या खंडकऱ्यालाही कूळकायद्याचे संरक्षण लागू केले, तेव्हा काय झाले ते पाहा. दोन एकरांचा धनी असलेला महार कायद्याच्या नजरेत ‘जमीनदार’ ठरला आणि वीस एकर कसणारा बागाईतदार त्याचे ‘कूळ’ ठरला! जमीनदारी मोडायला निघालेला कायदा महारवाड्यावर येऊन असा उलटा फिरला. मोठ्या इनामदाराला वकील होता, त्याने मुलांच्या, सुनांच्या, देवस्थानाच्या नावे जमिनी वाचवल्या. आमच्या माणसाला मामलेदार कचेरीच्या पायरीवर कोणी उभे केले नाही.

जी जमीन यातून वाचली ती ‘नवीन शर्ती’ची झाली. आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग-2. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकायची नाही, वाटून घ्यायची नाही, आणि परवानगी मिळाली तरी नजराणा भरायचा. ही अट आमच्या रक्षणासाठी आहे असे सांगतात. काही प्रमाणात ते खरेही आहे, अट नसती तर उरलेसुरले केव्हाच गेले असते. पण अटीचा दुसरा परिणाम कोणी सांगत नाही. अशा जमिनीला उघड बाजारात भाव नाही, म्हणून तिला चोरबाजार लागला. घरात आजारपण आले, लग्न निघाले की गावातला एखादा ‘हितचिंतक’ येतो. परवानगीचे मी बघतो म्हणतो, साठेखत करतो, कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतो, ताबा घेतो आणि भावाच्या चौथा हिस्सा हातावर टेकवतो. सातबारा वीस वर्षे आमच्या नावाचा राहतो, पीक त्याच्या घरात जाते. पुढे रस्ता आला, एमआयडीसी आली, शहर वाढले, की हाच कुलमुखत्यारधारक अचानक परवानगीही आणतो आणि नजराणाही भरतो.

हे जुने झाले असे कोणी समजू नये. 2025 सालच्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्याची 40 एकर महार वतनाची जमीन सबंध महाराष्ट्रात गाजली. जमीन सरकारच्या ताब्यातली, वारसांच्या नावाने कुलमुखत्यारपत्र घेतलेले, 300 कोटींचा व्यवहार आणि त्यावर मुद्रांक भरला 500 रुपयांचा! चौकशी समिती बसली, गुन्हे दाखल झाले. वर्तमानपत्रांनी आठवडाभर खरेदीदार कोण, त्याच्यामागे कोण, हेच छापले. विकणारे म्हणून ज्यांची नावे त्या कागदावर होती, त्या वतनदारांचे वारस आज काय काम करतात, कोणत्या वस्तीत राहतात, त्यांच्या मुलांचे शिक्षण कुठवर झाले, हा प्रश्न फार थोड्यांना पडला. आम्हाला तोच पडला.

कारण जमीन म्हणजे नुसते पीक नव्हे. सातबारा हातात असला की गावच्या विकास सोसायटीत सभासदत्व मिळते, पीककर्ज मिळते, साखर कारखान्याचा शेअर घेता येतो, म्हणजे तिथल्या निवडणुकीत मत मिळते आणि मुलाला कारखान्यात चिकटवता येते. पश्चिम महाराष्ट्राचे सारे राजकारण या एका कागदावर उभे आहे. कोर्टात जामीन राहायला सातबारा लागतो. अत्याचाराच्या केसमध्ये उलटी केस टाकून आमच्या पोरांना आत घातले की जामीनदार शोधत आम्ही कोणाच्या दारात जातो? ज्याच्याकडे सातबारा आहे त्याच्या. तो कोणाच्या बाजूचा असतो हे सांगायला नको.

आणि जमीन म्हणजे वाईट दिवसांतला आधार. 18 जानेवारी 1982 पासून मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. ज्यांना गावाकडे चार खाचरे होती ते कोकणात, घाटावर गेले, भात लावला, नाचणी पेरली आणि कसेबसे तगले. आमचा कामगार कुठे जाणार? आधीच गिरणीत साचेखात्याची दारे त्याला बंद होती. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विटाळाचे कारण सांगून त्याला कमी पगाराच्या खात्यात ठेवलेले, आणि त्याविरुद्ध 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी आवाज उठवलेला. तेव्हा शिल्लक कमी, मागे जमीन नाही. संपात त्याने बायकोच्या अंगावरचे मोडले, मग भांडी, मग लालबाग-परळची खोली. तिथून विरार लाइनीने जो तो जमेल तिकडे सरकला. बोरीवली, दहिसर, नालासोपारा. 2020 च्या टाळेबंदीत हेच चित्र पुन्हा दिसले. ज्याचे शेत होते तो गावाला निघून गेला; ज्याचे नव्हते तो दहा बाय पंधराच्या खोलीत घरभाडे कसे द्यायचे याचा विचार करत बसला.

समजा, 1959 साली एका घराच्या वाट्याची तीन एकर जमीन गेली. त्या तीन एकरांनी कोणी श्रीमंत झाले नसते हे आम्हालाही कळते. कोरडवाहू तीन एकरांत काय पिकते ते विदर्भातल्या आत्महत्यांनी जगाला दाखवले आहे. पण चार भावांपैकी एक गावात राहून ती कसू शकला असता. त्याच्या घरातून दोन पोती ज्वारी मुंबईला आली असती, म्हणजे मुंबईतल्या भावाच्या पगारातले तेवढे पैसे वाचले असते. आई-वडील गावात राहिले असते, म्हणजे मुंबईत मोठी खोली लागली नसती. मुलीच्या डिप्लोमाला सावकाराऐवजी सोसायटीचे कर्ज मिळाले असते. व्याजातला फरकच दहा-पंधरा वर्षांत खोलीच्या डिपॉझिटइतका होतो. आणि शहर गावापर्यंत पोचले असते त्या दिवशी त्या तीन एकरांचे काय झाले असते, ते हिंजवडीला, वाघोलीला, पनवेलला जाऊन पाहावे.

सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. कूळकायद्याचे कलम 63 म्हणते की जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे घराण्याचा शेवटचा गुंठा गेला की घराणे ‘बिगरशेतकरी’ झाले. पुढे नातू शिकला, नोकरीला लागला, पैसे साठले आणि त्याला वाटले की गावाला एकरभर घ्यावी, तर रजिस्ट्रार विचारतो, ‘शेतकरी असल्याचा दाखला?’ आजोबांची जमीन आजोबांच्या अज्ञानाने गेली, आणि नातवाचा मार्ग आजोबांची जमीन गेली म्हणून बंद झाला. जात जन्माने मिळते हे आम्ही जाणतोच. भूमिहीनताही या राज्यात जन्माने मिळते, आणि ती कायदेशीर आहे. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या जमिनीपैकी अनुसूचित जातींच्या हाती 9 टक्क्यांहून कमी जमीन दिसते. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आहे 16.6 टक्के.

गावाचा गहिवर मात्र आम्हाला नाही, हेही इथेच सांगून टाकतो. बाबासाहेबांनी शहराची वाट दाखवली ती बरोबरच होती. ज्यांनी वतनाचा तुकडा विकून मुलाला शिकवले, त्यांना आम्ही दोष देणार नाही. त्यातून डॉक्टर झाले, क्लास वन अधिकारी झाले. पण चार भावांतला एक तसा निघाला. उरलेल्या तिघांच्या लेकरांनी काय करायचे? राखीव जागेने एकाला वर काढले, जमिनीने तिघांना धरून ठेवले असते. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरी कधीच नव्हत्या.

आता पुन्हा बोरीवलीत येऊ. ज्यांची जमीन गेली ते इथे आले आणि नॅशनल पार्कच्या कडेच्या टेकडीवर झोपडी बांधून राहिले. पर्यावरणवाद्यांनी 1995 साली हायकोर्टात अर्ज केला, 1997 साली निकाल आला आणि उद्यानाच्या हद्दीतल्या हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. त्यांत आमच्या समाजाची घरेही होती. 1 जानेवारी 1995 च्या मतदार यादीत नाव असेल आणि 7,000 रुपये भराल तरच पर्यायी जागा. आठवते का, 1959 चे कब्जेहक्काचे पैसे? मुदतीत भरा, नाहीतर बेकायदा! नातवाला पुन्हा तेच कलम लागले. पुढे ही तारीख 1 जानेवारी 2000 झाली. ज्यांच्या वंशाची नोंद शेकडो वर्षे गावच्या पांढरीत होती, त्यांचा सरकारी जन्म आता झोपडीच्या पुराव्यापासून मोजला जातो. सातबारा हरवलेला माणूस लाइट बिल आणि रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवतो, कारण त्याचा सातबारा तोच.

याच टेकडीवर आमच्या आधीपासून दुसरे लोक होते, त्यांच्याविषयी न बोलणे म्हणजे बेइमानी ठरेल. वारली, मल्हार कोळी, महादेव कोळी, कातकरी. काजूपाडा, देवीपाडा ही नावे कोणाची आहेत? देवीपाडा हे आता मेट्रोच्या स्टेशनचे नाव आहे. पाडा पाटीवर राहिला, पाड्यातला माणूस पाटीखाली पाथारी लावतो! साष्टीतली गावेच्या गावे इंग्रजांनी मुंबईच्या धनिक घराण्यांना इस्टेटी म्हणून दिली, तेव्हा कसणाऱ्या आदिवासीचे नाव बहुतेक कागदावर चढलेच नाही. या इस्टेटींचे विशेषाधिकार काढून घेणारा कायदा 1951 साली झाला, तेव्हाही नाही. जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा नवापाडा, रावणपाडा, तुमणीपाडा, चुनापाडा येथली माणसे आपल्याच जागी अतिक्रमणदार ठरली. भात, नागली, रानभाजी, मोहाची फुले यांवर चालणारे घर रोजंदारीवर आले. शेजारी 1949 साली आरे दूध वसाहत झाली, तिथल्या पाड्यांचीही हीच कथा. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जंगल कसणाऱ्या आदिवासीला हक्क दिला. पण त्या कायद्याचा सारा कारभार ग्रामसभेतून चालतो, आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायत नाही! कायदा आहे, माणूस आहे, दावा ऐकणारी सभा कुठे भरवायची यावर अधिकारी डोके खाजवतात. त्याच डोंगराखालून ठाणे-बोरीवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन 2024 च्या जुलैत झाले, त्याला कोणतीही सभा आडवी आली नाही.

आणि हे सारे कोणत्या डोंगरावर? कान्हेरीच्या. तिथल्या शिलालेखांत भिक्खुसंघाला दिलेल्या शेतांची नोंद आहे. एका लेखातले मंगलस्थान म्हणजेच आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कोणी उपासकाने संघाला शेत दिले, तर गावाच्या नावासकट ते दगडात कोरून ठेवले. पुसता येऊ नये म्हणून. बौद्धांना जमिनीच्या नोंदीचे मोल कळत नव्हते असे कोणी म्हणू नये.

गेलेल्या जमिनीचा हिशेब मांडता येत नाही, हेही खरे नाही. अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी तो मांडून दाखवला आहे. 1865 च्या जानेवारीत मुक्त गुलामांच्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम निघाला आणि त्याच वर्षी अध्यक्षाने तो फिरवला. तरीही पै पै करून 1910 पर्यंत काळ्या शेतकऱ्यांनी दीड कोटी एकरांहून अधिक जमीन मिळवली. पुढच्या काळात तिच्यातली बहुतेक गेली. कशी गेली? ऐका, ओळखीचे वाटेल. मृत्युपत्र नाही, वारसनोंद नाही, जमीन साऱ्या वारसांच्या नावे सामायिक. दूर शहरात गेलेल्या एका वारसाचा हिस्सा गोरा व्यापारी विकत घेई, मग कोर्टात वाटपाचा दावा लावी आणि सबंध जमिनीचा लिलाव करून घेई. कर्ज देताना सरकारी खाते भेदभाव करी, त्यावर दावा लढून 1999 साली त्यांनी भरपाई मिळवली. आणि 2022 साली तिथल्या अर्थतज्ज्ञांनी 1920 ते 1997 या काळात गेलेल्या जमिनीचा हिशेब करून 326 अब्ज डॉलरचा आकडा जगापुढे ठेवला. आमच्या विद्यापीठांत बाबासाहेबांच्या नावाची अध्यासने आहेत, अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली आमची मुले-मुली आहेत. एका तालुक्याच्या महार वतनाचा असा हिशेब करायला काय हरकत आहे?

दादासाहेब गायकवाडांनी 1959 साली आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याच्या पुण्याईने पुढे गायरानावरची अतिक्रमणे 14 एप्रिल 1990 पर्यंतची म्हणून नियमित करण्याचा निर्णय झाला. मराठवाड्यात हजारो घरे आज गायरानाच्या तुकड्यावर उभी आहेत, आणि किती ठिकाणी अजून सातबारा नाही. दादासाहेबांच्या नावाने 2004 साली सबलीकरण योजना आली. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. 2018 पासून शंभर टक्के अनुदान. पण जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाख ही कमाल मर्यादा. या भावात विकायला तयार असलेला शेतकरी दाखवा आणि बक्षीस मिळवा!

सरकारकडे मागायचे ते मागूच. वतनी जमिनींच्या 1959 नंतरच्या हस्तांतरणांची तालुकावार श्वेतपत्रिका काढा. परवानगीवाचून, कुलमुखत्यारपत्रावर गेलेल्या जमिनी मूळ वारसांना द्या, सरकारजमा करून बिल्डरला नव्हे. ज्याच्या पूर्वजाचे नाव वतनाच्या कागदात सापडते, त्याला कलम 63 साठी शेतकरी माना. ही शेवटची मागणी एका शासन निर्णयाची आहे, तिला पैसा लागत नाही.

पण स्वतःच्या घराकडेही पाहावे लागेल. बोरीवली-दहिसरच्या कितीतरी घरांत अजूनही गावच्या सातबाऱ्यावर पणजोबांचेच नाव आहे. पणजोबा जाऊन साठ वर्षे झाली, वारसनोंद नाही. नोंद करायला गेलेल्या चुलत्याने स्वतःच्या मुलांचीच नावे लावली, मुंबईवाल्यांची गाळली. आणि मुंबईवाल्याने स्वतःची लावली तेव्हा बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले! हिंदू कोड बिलासाठी ज्या बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, त्यांचे फोटो ज्या घरात आहेत त्या घरांतल्या बहिणी 2005 च्या कायद्यानंतरही साडीचोळीवर अंगठा देतात. जमीन लुबाडणाऱ्याला घरातला एक असंतुष्ट वारस पुरतो. बहीण नाराज, चुलता दुरावलेला, पुतण्या बेकार, म्हणजे त्याचे काम निम्मे झालेच.

आमच्या गावशाखा, मुंबई मंडळे दर महिन्याला कुठल्या तरी विहारात किंवा शाळेच्या वर्गात बैठक घेतात. जयंतीची वर्गणी, गावच्या विहाराचे बांधकाम, मयतनिधी हे विषय असतात. त्यात वतनाच्या कागदांचा विषय घ्या. मे महिन्यात गावाला जाल तेव्हा तलाठ्याकडे (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जुने सातबारे, गाव नमुना 6 चे फेरफार, वर्ग-2 च्या जमिनींचा गाव नमुना 1-क मागा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून वतनाचे कडईपत्रक मागा, त्यात कोणाचा किती हिस्सा ते असते. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख महाभूमीच्या संकेतस्थळावर आले आहेत, ते वस्तीतली दहावीची मुलगीसुद्धा शोधून देईल. 1959 ते 1970 च्या दरम्यानचा प्रत्येक फेरफार वाचा. कोणत्या हुकुमाने नाव गेले, त्या हुकुमाचा क्रमांक आणि तारीख आहे की नाही, एवढे आधी पाहा. तारीख नसेल तर त्या फेरफाराची नक्कल शिक्क्यासह घ्या, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. वारसनोंदीच्या अर्जात सगळ्या बहिणींची, आत्यांची आणि त्यांच्या मुलांची नावे घाला, मृत्यूचे दाखले जोडा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.